मुंबई–न्यूयॉर्क विनाथांबा: किती किलोमीटर, किती तास?

सांजवात

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण आमच्याकडे त्यावरून तीन दिवस फोनाफोनी चालू आहे.

आई-बाबा सप्टेंबरात पहिल्यांदाच आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला येतायत. यंदाची दिवाळी इकडे, मग २८ ऑक्टोबरला परत. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, सातारा विभागात. अख्खी नोकरी गाड्यांच्या वेळा आणि किलोमीटर यातच गेली. तिकीट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि दहा मिनिटांत फोन आला. "अगं, रात्री दीडला सुटून सकाळी आठला पोचते? साडेसहा तास? एवढ्या वेळात आमची गाडी साताऱ्याहून नगरच्या पुढे जायची नाही. आणि येताना सकाळी अकराला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला? एकाच रस्त्याला जाताना साडेसहा आणि येताना चोवीस?"

घड्याळांचा फरक समजावला. जाताना खरे १६ तास, येताना साडेचौदा. ते पटलं. पण मग पुढचा प्रश्न: "दीड तासाचा फरक कशाचा? घाट आहे का मध्ये? आणि किलोमीटर किती ते तू अजून सांगितलंच नाहीस."

किलोमीटरची मला तीन उत्तरं मिळाली आहेत. नेटवर सगळीकडे १२,५४० च्या आसपास. मैत्रीण म्हणते तिच्या सीटपुढच्या पडद्यावर तेरा हजारांच्या वर आकडा होता. बाबांनी शाळेच्या नकाशावर पट्टी लावून प्रमाणावरून काढलं ते चौदा हजारांच्या पुढे गेलं. खरं कोणतं?

जाता जाता आणखी एक. आईला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. बाबांचे गुडघे कुरकुरतात. १६ तास सलग बसणं बरं, की मध्ये उतरून? तिकीट अजून फुकटात बदलता येईल.

टिंबटिंब

एसटीचा टप्पा ६ किलोमीटरचा. १२,५४० भागिले ६ म्हणजे २,०९० टप्पे. बाबांना सांगा, हाफ तिकीट धरून हिशेब करा.

खडीसाखर

टिंबटिंब, ज्येष्ठ नागरिक सवलत आहे का पण? :)

सांजवात, लोणच्याचं काय ठरवलंय ते आधी सांगा. आमच्या सासूबाईंचा कैरीचा छुंदा बॅगेत फुटला होता. अजून ती बॅग उघडली की वैशाख येतो.

पाढेपाठ

पट्टीचं उत्तर चुकलं यात बाबांचा दोष नाही, नकाशाचा आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की उत्तरेकडचे भाग ताणले जातात. त्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. अशा कागदावर मुंबईहून न्यूयॉर्कला सरळ रेघ मारली की ती अरबस्तान, सहारा आणि अटलांटिक ओलांडून जाते. त्या रेघेवरून विमान खरोखर नेलं तर चौदा हजारांच्या पुढेच भरेल. म्हणजे बाबांनी मोजलं बरोबर, फक्त लांबचा रस्ता मोजला.

घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणा. दोरा सहाराकडे जाणारच नाही. तो मुंबईहून वायव्येला, खरं तर उत्तरेकडेच जास्त झुकून निघतो. अफगाणिस्तान, रशिया, नॉर्वे-स्वीडनवरून आइसलँडच्या बाजूला चढतो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला स्पर्श करून कॅनडावरून खाली उतरतो. सगळ्यात वर असतो तेव्हा जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशावर. त्या दोऱ्याची लांबी १२,५४० किमी. यापेक्षा कमी अंतर शक्यच नाही, बोगदा खणला तरच.

मी आठवीच्या वर्गात हे दोऱ्याने करून दाखवायचो. दरवर्षी एक तरी पोरगं म्हणायचं, "सर, दोरा घसरला."

अण्णा_कराडकर

मला एक कळत नाही. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना? मग विमान नुसतं वर जाऊन थांबलं तरी अमेरिका आपोआप खाली यायला पाहिजे. पश्चिमेला जाताना वेळ कमी लागायला हवा, जास्त कसा लागतो?

टिंबटिंब

अण्णा, धावत्या एसटीत उडी मारून बघा. मागच्या सीटवरच्या बाईंच्या टोपलीत पडलात तर तुमचं बरोबर.

पाढेपाठ

टिंबटिंबने दोन ओळींत उरकलं, पण उत्तर तेच आहे. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत उडतं.

धावपट्टी_२७

बरेच दिवस नुसता वाचत होतो, या धाग्यावर राहवलं नाही. मी विमान कंपनीच्या डिस्पॅच विभागातून निवृत्त झालो. वैमानिकाच्या हातात उड्डाणाचा आराखडा आम्ही ठेवायचो: कुठून जायचं, किती उंचीवर, किती इंधन. थोडक्यात बाबांचंच काम, फक्त गाड्या जरा उंचावरून जायच्या.

दीड तासाचं उत्तर म्हणजे वारा. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्यांचे पट्टे असतात, जेट स्ट्रीम. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त. विमान हवेच्या तुलनेत ताशी ९०० किमीने जातंय आणि समोरून १०० चा वारा आहे, तर जमिनीवरून मोजलेला वेग ८०० च. तोच वारा पाठीशी असेल तर १०००. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ होतं, तेव्हा न्यूयॉर्कहून निघालेलं एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं. जमिनीवरचा वेग ताशी १३०० किमीच्या वर गेला होता. आवाजाचा वेग ओलांडला असा गाजावाजा झाला, पण तो खरा नव्हे. हवेच्या तुलनेत विमान नेहमीच्याच वेगात होतं, हवाच पळत होती.

म्हणून आम्ही अंतर कधीच नुसतं किलोमीटरात बघत नसू. जमिनीवरचं अंतर वेगळं आणि 'हवेतलं अंतर' वेगळं. कधीकधी ३०० किलोमीटर जास्त फिरून गेलं तर वेळ आणि इंधन दोन्ही वाचतं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को. ती सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा अटलांटिककडून जायची. ऑक्टोबर २०१६ पासून उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून न्यायला लागले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किमी झालं, म्हणजे हजाराहून जास्त किलोमीटर फेरा, आणि तरीही वेळ कमी, साडेचौदा तास! पाठीवर वारा घेऊन जायचं आणि पाठीवर वारा घेऊनच यायचं. जाताना पूर्वेला, येतानाही पूर्वेला. दर फेरीला पृथ्वीप्रदक्षिणा.

मैत्रिणीच्या पडद्यावरचा आकडाही खोटा नाही. दोऱ्याची रेघ ही कमीत कमी. त्या रेघेवर कुणाचं आकाश उघडं आहे आणि कुणाचं बंद, हा दुसरा भाग. त्यावर रात्री लिहितो, आत्ता नातू कीबोर्ड मागतोय.

मोरपंखी

धावपट्टी_२७, लिहाच. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

रातराणी_८४

मी १९८४ साली गेले होते लग्नानंतर. तेव्हा मुंबईहून लंडन, लंडनला उतरायचं नाही, विमानातच बसून राहायचं, खाली झाडू मारणारे आपल्या पायांखालून व्हॅक्यूम फिरवायचे, आणि मग न्यूयॉर्क. बावीस-तेवीस तास व्हायचे. विमानात मागच्या भागात लोक सिगारेट ओढत होते! माझी सीट धूम्रपान विभागाच्या बरोबर पुढची. धूर काही विभाग बघून थांबत नाही. न्यूयॉर्कला उतरले तेव्हा नवऱ्याने पहिलं वाक्य काय म्हणावं? "तू ओढायला लागलीस?"

विनाथांबा गाडी मुंबईहून न्यूयॉर्कला सुरू झाली ती २००७ च्या ऑगस्टमध्ये. तोवर मला दोन मुलं होऊन ती कॉलेजात गेली होती.

मांडवीकाठ

आमका गोंयकारांक हें सगळें नवें न्हय. पणजोबा बोटीवर होते, मुंबईहून लिस्बनला जायला महिना म्हणायचे, आणि परत आल्यावर आणखी महिनाभर जेवताना ताट हलतंय असं वाटायचं म्हणे.

खडीसाखर

अवांतर: बोटीवरून आठवलं. आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून ७ एप्रिल १८८३ ला निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. ५८ दिवस. वय नुकतं अठरा पूर्ण झालेलं, बरोबर नवरा नाही. आणि उतरल्या कुठे, तर कार्पेंटर बाईंकडे रोझेलला, न्यू जर्सीत. सांजवात, तुमच्या एडिसनपासून अर्धा तास!

मी गेल्या वर्षी मुद्दाम त्या गावातून चक्कर मारून आले. आता नेहमीचं उपनगर आहे, फुटपाथवर मेपलची पानं. गाडी बाजूला लावून पाच मिनिटं उभी राहिले. नऊवारीतली एक मुलगी इथे कुठेतरी थंडीत चालली असेल, एवढंच डोक्यात येत होतं. त्यांचा रक्षाकलशही तिकडेच आहे, न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीला, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत.

आपण १६ तासांना पाय आखडले म्हणून रडतो.

शेवंता_सिडनी

खडीसाखर, +१. मी वाचून थांबले जरा.

अण्णा_कराडकर

तरी मला टोपलीचं उदाहरण पटलेलं नाही. एसटीला छप्पर असतं. टपावर बसून उडी मारली तर?

टिंबटिंब

अण्णा, करून बघू नका. धागा बंद पडेल.

धावपट्टी_२७

अण्णांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, टपावर उडी मारली तर वारा मागे ढकलेलच. फरक इतकाच की पृथ्वीच्या 'टपा'वर वारा गाडीबरोबर धावतो.

आता आकाशाचं. दोऱ्याची रेघ मुंबईहून निघाल्यावर लगेच पाकिस्तान, अफगाणिस्तान असं जाते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आकाश बंद केलं. मुंबईच्या विमानांना ते त्यातल्या त्यात सोसतं, अरबी समुद्रावरून पश्चिमेला निघून पुढे वर वळता येतं. खरे हाल दिल्लीचे. उत्तर अमेरिकेची काही विमानं त्या काळात व्हिएन्नाला इंधनासाठी थांबवावी लागली. त्याच्याही आधी, फेब्रुवारी २०२२ नंतर, अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. भारतीय कंपन्यांना नाही. म्हणजे त्याच दोन शहरांमध्ये कुठल्या देशाची कंपनी आहे यावर रस्ता ठरतो. बाबांच्या भाषेत सांगायचं तर एकाला टोलनाका उघडा, दुसऱ्याने गावाबाहेरून वळसा घालायचा.

रशियावरून जाण्याचीही एक गंमत, म्हणजे गंमत नव्हेच. ६ जून २०२३ ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे मगादानला उतरवावं लागलं. रशियाच्या पार पूर्व टोकाला. दोनशेहून जास्त प्रवासी, काही जणांना शाळेच्या इमारतीत झोपवलं. दुसरं विमान पाठवून ८ जूनला पुढे नेलं. रस्ता निवडताना 'इथे उतरायची वेळ आली तर काय' हा प्रश्न आम्ही दर टप्प्याला विचारायचो तो यासाठीच. दोन इंजिनांच्या विमानाला ठरावीक मिनिटांच्या आत पोचता येईल असा विमानतळ कायम हाताशी लागतो.

आणि एक. "हिमालयावरून सरळ का जात नाहीत?" हे मला प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारतं. केबिनमधला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला विमान दहा हजार फुटांवर आणावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण १२ ते १५ मिनिटांचाच असतो. तिबेटवर खाली दहा हजार फूट नाहीतच, जमीनच त्याहून उंच आहे. तेव्हा सरळ रस्ता असला तरी तिथून जाणं टाळतात.

मोरपंखी

म्हणजे "किती किलोमीटर" याचं उत्तर "कुणाच्या विमानाने आणि कुठल्या महिन्यात" असं आहे?

धावपट्टी_२७

अगदी. दोरा १२,५४०, प्रत्यक्षात तेराच्या पुढे.

भेंडीबाजार

इतकं ज्ञान सांडलंय पण बाईंच्या खऱ्या प्रश्नाला कुणी हात लावत नाही. मधुमेह आणि गुडघे असलेल्या माणसांना १६ तास एका खुर्चीत कोंबू नका. सरळ दुबईवरून न्या. तीन तास, उतरायचं, हातपाय मोकळे करायचे, चहा, मग पुढचं. मी आईला दरवर्षी असंच नेतो.

शेवंता_सिडनी

भेंडीबाजार, असहमत. माझ्या आईला मी असंच मध्ये एका मोठ्या विमानतळावर उतरवून आणलं होतं. व्हीलचेअर सांगितलेली. ती आली, पण एका कोपऱ्यात नेऊन त्यांनी आईला चार इतर आज्यांबरोबर बसवलं आणि माणूस गेला तो गेला. दीड तास. आईला भाषा येत नाही, फोनला रेंज नाही, बाथरूमला जायचं तर खुर्ची सोडायची भीती. शेवटी एका गुजराती बाईंनी स्वतः ढकलत गेटपर्यंत नेलं. तेव्हापासून मी म्हणते, चढवा आणि एकदम उतरवा. मुक्कामी गाडी नकोच.

भेंडीबाजार

एका वाईट अनुभवावरून सगळं ठरवायचं का?

शेवंता_सिडनी

आई एकच आहे, म्हणून हो.

पाढेपाठ

भांडू नका, आधी आकडे बघा, मला स्वतःला आश्चर्य वाटलं. मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–न्यूयॉर्क ११,०२०. बेरीज १२,९५०. म्हणजे दोऱ्यापेक्षा फक्त चारशे किलोमीटर जास्त! मुंबई–लंडन ७,२१० आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५५०, बेरीज १२,७६०. फक्त सव्वादोनशे जास्त. रातराणी_८४, तुमचं लंडनमार्गे जाणं अंतराच्या हिशेबाने अजिबात वाकडं नव्हतं.

थांबा घेतल्याने अंतर फारसं वाढत नाही, वेळ वाढतो. खाली उतरणं, जमिनीवरचे दोन-तीन-पाच तास, पुन्हा वर चढणं. सिंगापूरवरून न्यूयॉर्क मात्र करू नका. सिंगापूर–न्यूयॉर्क एकटंच १५,३०० च्या वर आहे, साडेअठरा तासांच्या पुढे, जगातलं सगळ्यात लांब विनाथांबा उड्डाण.

टिंबटिंब

आणि मुंबईपासून सगळ्यात लांब काय? बायकोशी भांडण झाल्यावर जायला.

पाढेपाठ

कुठल्याही जागेपासून जास्तीत जास्त २०,००० किलोमीटर, मग पृथ्वी संपते आणि तुम्ही परत यायला लागता. मुंबईच्या बरोबर पलीकडे पॅसिफिकमध्ये नुसतं पाणी आहे. ईस्टर बेट त्यातल्या त्यात जवळ.

टिंबटिंब

तिथेही ती शोधेल.

रातराणी_८४

इन्सुलिनबद्दल अनुभवावरून. माझे यजमान घेतात. निघायच्या दोन आठवडे आधी डॉक्टरांना तिकीट दाखवायचं, स्थानिक वेळा नव्हे तर खरे तास सांगायचे, आणि कुठला डोस कधी ते कागदावर लिहून घ्यायचं. पश्चिमेला जाताना दिवस साडेनऊ तासांनी लांबतो, येताना आखूड होतो, त्यामुळे दोन्हीकडचं वेळापत्रक वेगळं. इन्सुलिन कायम हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही, खाली गोठू शकतं. डॉक्टरांचं पत्र आणि प्रिस्क्रिप्शन सोबत. आम्ही दोन घड्याळं घालतो: एका हातात भारत, दुसऱ्या हातात तिकडचं. लोक बघतात, बघू देत.

जेवण आधी नोंदवा. नाहीतर भूक लागते तेव्हा ट्रॉली येत नाही, आणि ट्रॉली येते तेव्हा माणूस नुकता झोपलेला असतो. पिशवीत खाकरे, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे ठेवा. पाणी सतत, केबिनमधली हवा फार कोरडी असते. बाबांना आइल सीट द्या आणि दर दीड-दोन तासांनी मागच्या स्वयंपाकघरापर्यंत चालायला लावा. एसटीचा माणूस आहे, चालत्या गाडीत उभं राहायची सवय असणार.

खडीसाखर

आणि खाण्याचं काहीही नेलं तरी कस्टमच्या प्रश्नाला "हो" म्हणायचं. लपवलं की दंड. फळं, बिया, मांस नको. मसाले, चकली, मेतकूट चालतं. लोणच्याला दोन पिशव्या आणि वर डब्याला टेप.

भेंडीबाजार

माझं म्हणणं अजून तेच आहे, पण रातराणींचं टिपून घेतलं.

मोरपंखी

एक वेगळंच सांगते. मी डिसेंबरात याच रात्री दीडच्या विमानाने गेले होते. निघाले तेव्हा अंधार. झोपून उठले, अंधार. जेवले, अंधार. खिडकी उघडून बघितलं, पंखावरचा लाल दिवा सोडून काही नाही. दहा तास झाले, बारा तास झाले, उजाडायचं नावच नाही. शेजारचे आजोबा मला म्हणाले, "बाळा, सूर्य राहिला का मागे?" न्यूयॉर्क दिसायला लागलं तेव्हा कुठे पूर्वेला फिकट नारिंगी रेघ आली. सोळा तासांची एकच रात्र. आधी वाटलं माझंच काही चुकतंय.

धावपट्टी_२७

काही चुकलं नाही. तुम्ही सूर्याच्या पुढे पुढे पळत होता. साठ अंश अक्षांशावर पृथ्वी ताशी साधारण ८३५ किमीने फिरते, विमान जवळजवळ तेवढ्याच वेगाने उलट दिशेला. पहाट तुम्हाला गाठूच शकत नाही. त्यात डिसेंबरात तिकडे उत्तरेला मुळातच उशिरा उजाडतं. जूनमध्ये गेलात तर उलटं, वरती क्षितिजाला उजेड राहतोच.

सांजवात

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. बाबांना पूर्ण धागा फोनवर वाचून दाखवला. धावपट्टी_२७ यांना त्यांनी "साहेब" म्हणायला सुरुवात केली आहे. "वारा म्हणजे त्यांचा घाट" हे त्यांनी आईला तीनदा समजावलं.

आणि एक गणित त्यांनी स्वतः काढलं, पाढेपाठ सरांनी तपासावं. जातानाचे तिकिटावरचे साडेसहा आणि येतानाचे चोवीस, बेरीज साडेतीस. निम्मे सव्वापंधरा. बाबा म्हणाले, "हा झाला सरासरी वेळ. घड्याळाचा फरक आपोआप उडाला. एकीकडे खाल्ला, दुसरीकडे ओकला."

विनाथांबाच ठेवलं आहे. शेवंता, तुमची गोष्ट ऐकून आईनेच ठरवलं.

पाढेपाठ

शाब्बास! खरे १६ आणि साडेचौदा यांची सरासरीही सव्वापंधराच. बाबांना सांगा, पुढची पायरीही करून बघा: चोवीस वजा साडेसहा, त्याचे निम्मे पावणेनऊ. घड्याळाचा फरक साडेनऊ. उरला पाऊण तास तो वाऱ्याचा, जाताना अधिक, येताना उणा.

धावपट्टी_२७

वा! कंट्रोलर साहेबांना माझा नमस्कार. फक्त तिकिटावरचे १६ तास म्हणजे सगळेच आकाशातले नव्हेत. गेटवरून मागे ढकलल्यापासून तिकडच्या गेटला लागेपर्यंतचा वेळ असतो तो. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, आणि कंपन्या थोडी हवा भरून ठेवतात तीही आली. म्हणून उशिरा सुटूनही वेळेवर पोचतात.

अण्णा_कराडकर

सातारा ते मुंबई विमानतळ कसे जाणार आहेत? एक्सप्रेस वेवर ट्रक आडवा झाला की साडेपाच तास. सगळा हिशेब तिथेच कोलमडतो.

सांजवात *(पाच आठवड्यांनी)*

धागा वर काढतेय. आई-बाबा सुखरूप पोचले, शनिवारी.

बाबांनी विमानात खिशातल्या डायरीत लॉगशीट भरलं आहे. जसंच्या तसं: "नियोजित सुट १.३०. प्रत्यक्ष सुट २.१४. कारण: सांगितले नाही. उंची १०,६००, मग ११,८००. कि.मी. (पडद्यावरून) १३,२६०. पोच ८.०२. उशीर २ मि. वाटेत ४२ मि. भरून काढली." आणि खाली: "ही वेळ मुळात फुगवलेली होती. आम्हीही खंबाटकीसाठी टाकत होतो." उतरताना दारात उभ्या वैमानिकाशी त्यांनी हात मिळवला आणि मराठीत म्हणाले, "गाडी चांगली चालवली." तो हसला म्हणे. कळलं का कळलं नाही, माहीत नाही.

आईची साखर नीट राहिली. तिने दोन्ही हातांत घड्याळं घातली होती, आणि अजून काढलेली नाहीत. मला रोज सांगते, "साताऱ्यात आत्ता दिवेलागण झाली."

अण्णा, साताऱ्याहून विमानतळ सहा तास दहा मिनिटं. खोपोलीला ट्रक आडवा होता.

अण्णा_कराडकर

सांगितलं होतं.

खडीसाखर

लोणचं?

सांजवात

लोणचं शाबूत. मेतकुटाची पुडी मात्र अधिकाऱ्याने वर धरून विचारलं, हे काय आहे. बाबांनी भातावर घालतात असा हाताने अभिनय करून दाखवला. सोडलं.

आता ते नकाशा घेऊन बसलेत. नायगारा इथून साडेसहाशे किलोमीटर आहे का, आणि विनाथांबा बस मिळते का, विचारतायत.

टिंबटिंब

नायगारासाठी वेगळा धागा काढा.